धनी गेल्यावर

शास्त्रवाचन : यशया १:२-३, लूक १६:१९-२१, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८

पवित्र शास्त्रात कुत्र्याविषयी गौरवाचे शब्द फारसे आढळत नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे. त्या काळच्या नगरांत कुत्रा म्हणजे वेशीबाहेर भटकणारा, मेलेले फाडून खाणारा प्राणी. ईजबेलीचा शेवट कुत्र्यांच्याच तोंडी झाला. यशयाने निष्काळजी पहारेकऱ्यांना मुक्या कुत्र्यांची उपमा दिली, आणि पौलाने खोट्या शिक्षकांना तेच नाव ठेवले. तरीही शुभवर्तमानात दोन ठिकाणी कुत्रा निराळ्या रीतीने आपल्यासमोर येतो. कनानी स्त्री मेजाखालच्या कुत्र्याची जागा स्वतःकडे घेते आणि त्याच जागेवरून प्रभूजवळ आपला हक्क मागते. दुसरे ठिकाण म्हणजे श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला. कुत्र्यांनी लाजराचे फोड चाटले, ही दया होती की त्याच्या दुर्दशेची परिसीमा होती, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. पण घरातून कोणी बाहेर येऊन त्याच्याजवळ बसल्याचे प्रभूने सांगितलेले नाही. जवळ आली ती कुत्री, एवढेच सांगितले आहे.

यशयाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर आकाशाला व पृथ्वीला साक्षीस बोलावून एक गाऱ्हाणे मांडतो. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, पण आपल्या लोकांना आपण कळत नाही, असे ते गाऱ्हाणे आहे. माणसाने मुक्या जनावराकडून धडा घ्यावा ही गोष्ट प्रत्यक्ष देवानेच सुचविली आहे. म्हणून आज आपण बैलाच्या व गाढवाच्या शेजारी आपल्या अंगणातल्या कुत्र्याला उभे करून थोडा विचार करू या.

हा विषय घेण्याचे कारण आपल्या हैदराबाद शहरातच आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे येथेच राहिली. सुलतान बाजार, काचिगुडा या भागांत मराठी अजून कानी पडते. परंतु त्या घरांतली मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास, परदेशी गेली. मागे राहिले वृद्ध आईबाप, आणि पुष्कळ घरांत सोबतीला एक कुत्रा. पुढे दोघांपैकी एकाला प्रभू बोलावून घेतो, काही वर्षांनी दुसऱ्यालाही. नारायणगुड्याच्या दफनभूमीतून लोक परत येतात, आठ दिवस घर पाहुण्यांनी भरून जाते, कागदपत्रे व दागिने यांची वाटणी होते. विमानाची वेळ जवळ आली की कोणीतरी विचारतो, "आणि कुत्र्याचे काय करायचे?" तो तर रिकाम्या खाटेखाली बसलेला असतो, आणि दाराची कडी वाजली की कान टवकारतो.

त्या कुत्र्याविषयी आपल्याला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

१. त्याचे दुःख खरे आहे

कुत्रा भाकरीसाठी माणसाजवळ राहतो, भाकर दुसऱ्याने घातली की पहिल्याला विसरतो, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांनी जपानमधील हाचिको नावाच्या कुत्र्याचा वृत्तान्त ऐकावा. टोकियो येथील विद्यापीठात शेतीशास्त्राचे प्राध्यापक उएनो हे शिबुया स्थानकावरून ये-जा करीत, आणि त्यांचा कुत्रा संध्याकाळी त्यांना घ्यायला स्थानकावर जाई. २१ मे १९२५ रोजी प्राध्यापक कामावर असतानाच अचानक वारले. कुत्रा तेव्हा दीड वर्षाचा होता. त्याला दुसऱ्या घरी ठेवण्यात आले, तेथे त्याला खायला मिळत होते. तरी तो गाडीच्या वेळी शिबुयाच्या दारात येऊन उभा राही. ८ मार्च १९३५ रोजी त्याचा मृत्यू झाला, तोपर्यंत जवळजवळ दहा वर्षे हे चालले.

ह्या दहा वर्षांपैकी पहिल्या सात वर्षांत त्याचे कौतुक कोणी केले नव्हते. तो स्थानकातल्या लोकांना अडगळ वाटे, त्याला हाकलीत, मारीत. १९३२ साली वर्तमानपत्रात त्याची हकिगत छापून आली, तेव्हा लोक त्याच्याकडे आदराने पाहू लागले, आणि १९३४ साली त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारण्यात आला. शिबुयातील दुकानांतून मिळणाऱ्या मांसाच्या तुकड्यांसाठी तो येत असे, अशीही शंका काहींनी घेतली. पण तुकड्यांसाठी येणाऱ्याला गाडीची वेळ कशाला हवी? आणि मार खाऊन सात वर्षे कोण येईल?

अलीकडच्या शास्त्रज्ञांनीही या गोष्टीकडे लक्ष दिले आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. आई व तान्हे बाळ यांचा लळा जडण्यात याच द्रव्याचा भाग असतो. २०२२ साली इटलीत ४२६ कुत्रेमालकांना प्रश्न विचारून एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या घरच्या दोन किंवा अधिक कुत्र्यांपैकी एक मेला होता. शेकडा ८६ जणांनी सांगितले की, मागे राहिलेल्या कुत्र्याचे वागणे बदलले. त्याचे खाणे व खेळणे कमी झाले, झोप वाढली, तो भित्रा झाला, माणसाला अधिक बिलगू लागला. मरण म्हणजे काय हे कुत्र्याला कळते, असे कोणी शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगत नाही. पण ज्याच्या पावलांवर व ज्याच्या वासावर त्याचा दिवस बांधलेला होता तो नाहीसा झाला, एवढे त्याला कळते. त्या जाणिवेने तो झुरतो.

नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्याचे एक लक्षण सांगितले आहे. त्याला आपल्या जनावराच्या जिवाची जाणीव असते. तेव्हा शोक झालेल्या घरी गेलेल्या ख्रिस्ती मनुष्याने खाटेखालच्या त्या प्राण्याकडेही एकदा पाहिले तर ते शास्त्राला धरूनच होईल.

२. पण आपण खरे तेवढेच सांगावे

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना येथे विशेष विनंती आहे. निष्ठावंत कुत्र्याची गोष्ट मुलांना फार आवडते, आणि आवडती गोष्ट सांगताना तिला तिखटमीठ लावण्याचा मोह होतो.

महाराष्ट्रात रायगडावरील वाघ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही? १६८० साली शिवाजी महाराजांच्या चितेत त्यांच्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गडावर वाघ्याचा पुतळा बसला तो १९३६ साली. समकालीन कागदपत्रांत या कथेला आधार नाही, असे इतिहासाचे अनेक अभ्यासक सांगतात. यावरून वाद झाले, २०११ साली पुतळा काढला गेला व पुन्हा बसविला गेला, आणि २०२५ साली तो वाद पुन्हा उठला. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. त्याने शिकारीत धन्याचे प्राण वाचविले, अशी परंपरा आहे. एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारात बॉबी नावाचा कुत्रा धन्याच्या कबरीजवळ १८५८ पासून १८७२ पर्यंत राहिला असे सांगतात. शहराने त्याला पट्टा दिला, मरणानंतर त्याचा पुतळा उभारण्यात आला. परंतु त्या नावाखाली एकामागून एक दोन कुत्रे होऊन गेले असावेत, असे एका अभ्यासकाने अलीकडे मांडले आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत रतन टाटा वारले. त्यांचा ‘गोवा’ नावाचा कुत्रा अंत्यदर्शनासाठी आणला होता. तो शवपेटीजवळ बसून राहिला, हे सर्वांनी पाहिले. ही गोष्ट खरी होती आणि पुरेशीही होती. पण थोड्याच दिवसांत मोबाईलवर निरोप फिरू लागला की धन्यामागोमाग तीन दिवसांत गोवाही मेला. मुंबईच्या एका पोलीस अधिकाऱ्याने चौकशी करून सांगितले की कुत्रा जिवंत व ठीक आहे. तोपर्यंत हजारो लोकांनी तो निरोप डोळे पुसत पुढे पाठविला होता.

बंधुभगिनींनो, १६८० ची कथा असो की २०२४ चा निरोप असो, धन्याबरोबर कुत्राही मेला हे ऐकायला माणसाला का आवडते? आम्हांला वाटते त्याचे कारण असे आहे. चितेत उडी घेतलेल्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी भाकर घालावी लागत नाही. त्याचा पुतळा केला, हार घातला, की आपले काम संपले. जो मागे जिवंत राहतो त्याचे मात्र रोजचे करावे लागते. तो रात्री रडतो, खात नाही, दाराशी घाण करतो, दुसऱ्याच्या घरी नेले तर पळून परत येतो.

आपल्या देशात विधवेच्या बाबतीत हेच झाले होते. येथे विधवेची व मुक्या प्राण्याची तुलना करण्याचा हेतू नाही. पाहणाऱ्यांच्या मनाची मात्र तुलना आहे. पतीच्या चितेवर चढणारीची लोक पूजा करीत, आणि जगलेल्या विधवेला कोपऱ्यात बसवून तिच्या पानात उरलेसुरले वाढीत. सतीची चाल १८२९ साली बंगालमध्ये कायद्याने बंद झाली, पण जगलेल्या विधवेला घर कोण देणार हा प्रश्न उरलाच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, ते ह्याच प्रश्नाचे उत्तर होते. मरणाऱ्याचा गौरव करण्यापेक्षा जगणाऱ्याला आसरा देणे हे त्यांनी ख्रिस्ताच्या शिष्याचे काम मानले. याकोबाच्या पत्रातही शुद्ध धर्माचे वर्णन असेच आहे : अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांच्याकडे जाणे.

म्हणून शिक्षकांनी मुलांना वाघ्याची कथा सांगावयाची असेल तर कथा म्हणून सांगावी, आणि हाचिकोची हकिगत हकिगत म्हणून सांगावी. दोहोंतील फरक मुलांना समजतो. आज आपण त्यांना कुत्र्याविषयी खोटे सांगितले, तर उद्या पुनरुत्थानाविषयी सांगितलेले खरे त्यांनी कोणत्या विश्वासाने घ्यावे?

३. मागे राहिलेला हा मंडळीचा वाटा आहे

धनी गेल्यावर कुत्र्याने निष्ठा राखल्याच्या कथा पुष्कळ आहेत. कुत्रा गेल्यावर धन्याने राखलेल्या निष्ठेचीही एक जुनी साक्ष दगडावर कोरलेली आहे. पूर्वी आपल्या हैदराबाद राज्यात असलेले मळखेड हे गाव एके काळी राष्ट्रकूट राजांची राजधानी होते. त्यांचा राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, सुमारे इ.स. ९४९-५० चा, एक शिलालेख मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडला. मनलेर नावाच्या वीराने लढाईत पराक्रम केला, तेव्हा बक्षीस म्हणून त्याने ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे त्या कुत्र्याची व एका मोठ्या रानडुकराची झुंज झाली व दोघेही मेले. मनलेराने आपल्या कुत्र्यासाठी स्मारकशिला उभारली आणि तिच्या देखभालीसाठी जमीन नेमून दिली. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तो दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. केवळ अश्रूंवर न थांबता त्या मनुष्याने पुढची तरतूद केली, हे आपण लक्षात घ्यावे.

आपणही तरतूद करावी. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा वृद्ध सभासदांशी पाळकांनी वा वडिलांनी वेळीच बोलून ठेवावे की, आपल्यामागे याला कोण नेईल? नाव ठरवावे, ते कागदावर लिहावे, आणि त्या मनुष्याने आतापासूनच अधूनमधून येऊन कुत्र्याशी ओळख ठेवावी. रतन टाटांनी आपल्या मृत्युपत्रात आपल्या कुत्र्याच्या सांभाळाची सोय केल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. तेवढी संपत्ती आपल्याजवळ नसेल, पण एक ओळ लिहायला संपत्ती लागत नाही.

धनी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे कुत्र्याचे खाणे व फिरणे यांची वेळ पूर्वीचीच ठेवावी. धन्याची एखादी चादर वा सदरा त्याच्याजवळ राहू द्यावा, कारण कुत्र्याची आठवण बव्हंशी नाकात असते. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशी त्याची फिरवाफिरव करू नये. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे. नारायणगुड्यात सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. ‘ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद’ ही संस्थाही १९९० नंतरच्या दशकापासून या कामात आहे. मात्र रस्त्यावर नेऊन सोडून देणे हा मार्ग ख्रिस्ती मनुष्याचा नव्हे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ठाऊक नसतो, आणि रस्त्यावरच्या लोकांनाही त्याच्यापासून धोका उत्पन्न होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच शहरात अंबरपेठेत भटक्या कुत्र्यांनी चार वर्षांच्या बालकाचा बळी घेतला, हे आपण विसरू शकत नाही. प्राण्यावर दया करणे आणि लेकरांचे रक्षण करणे ही कर्तव्ये एकमेकांविरुद्ध नाहीत. आपल्या कुत्र्याला वेळेवर रेबीजची लस टोचणे व त्याला बेवारस न होऊ देणे यांत दोन्ही साधतात.

कुत्र्यासाठी जर एवढे, तर माणसासाठी किती? ज्या घरी कुत्रा दाराकडे पाहत बसला आहे, त्याच घरी पुष्कळदा आत एक बाई किंवा एक म्हातारा मनुष्यही दाराकडे पाहत बसलेला असतो. दफनविधीला सारी मंडळी येते. पहिल्या रविवारी सर्व जण हात हातात घेतात. तिसऱ्या रविवारनंतर काय होते? महिन्यानंतर संध्याकाळी सहा वाजता, पूर्वी चहाची दोन कपांची वेळ असे तेव्हा, त्या घराची कडी कोण वाजवितो? हाचिको जेथे प्रिय मनुष्य भेटत असे तेथे, त्याच वेळी, रोज गेला. आपल्या महिला मंडळाने, तरुण संघाने एवढेच ठरवावे की, मंडळीत कोणी गेल्यावर त्या घरी वर्षभर, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कोणीतरी जाईल. तेथे बोलण्यासारखे काही नसले तरी चालेल. कुत्राही काही बोलत नाही, तो फक्त जवळ येऊन बसतो, आणि शोक करणाऱ्याला पुष्कळदा तेवढेच हवे असते.

आपली आशा

शब्बाथशाळेतले एखादे मूल विचारते, "आमचा कुत्रा स्वर्गात जाईल का?" त्याला हसून गप्प करू नये, आणि शास्त्राने जे सांगितले नाही ते सांगूही नये. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी कण्हत आहे व मुक्ततेची वाट पाहत आहे असे पौल सांगतो. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी त्याच शास्त्रभागावर एक प्रवचन लिहिले आणि मुक्या प्राण्यांनाही त्या मुक्ततेत वाटा मिळेल अशी आशा व्यक्त केली. मुलाला आपण एवढे निश्चित सांगू शकतो की, ज्या देवाला चिमणी जमिनीवर पडलेली कळते त्याला तुझा कुत्राही ठाऊक आहे.

हाचिकोच्या मरणाला ८० वर्षे झाली तेव्हा, २०१५ साली, टोकियो विद्यापीठात एक नवा पुतळा बसविण्यात आला. शिबुयाचा पुतळा वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा आहे. या नव्या पुतळ्यात प्राध्यापक परत आले आहेत, आणि कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावला आहे. वाट पाहणे भेटीवाचून संपावे हे मनुष्याच्या अंतःकरणाला सोसत नाही, म्हणून लोकांनी ती भेट धातूत घडविली. परंतु ती भेट कलावंताची इच्छा आहे. प्रभूमध्ये निजलेल्यांविषयी थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने जे लिहिले, ते मात्र वचन आहे. त्याने शोक करू नका असे म्हटले नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे म्हटले.

आणि येथे यशयाचे गाऱ्हाणे पुन्हा आपल्या कानी येते. तो कुत्रा जो परत येणार नव्हता त्याची वाट दहा वर्षे पाहत राहिला. आपला धनी तर मरणातून उठला आहे व पुन्हा येईन असे सांगून गेला आहे. त्याची वाट आपण किती पाहतो? रविवारी सकाळी एक तास, आणि तोही घड्याळाकडे पाहत? दाराशी उभ्या असलेल्या चाकरांचा दाखला प्रभूने सांगितला (लूक १२:३५-३७). धन्याने येऊन कडी वाजविताच दार उघडतील असे ते चाकर होते. धन्याला ओळखणे म्हणजे काय, हे मुक्या प्राण्याने आपल्याला दाखविले आहे. ते पाहून आपण लाजावे, आणि तो येईपर्यंत त्याने आपल्या दारात ठेवलेल्या लाजरांची, विधवांची, एकट्या पडलेल्यांची, आणि खाटेखाली बसलेल्या त्या मुक्या जिवाचीही, काळजी घ्यावी.

प्रार्थना : हे प्रभो, तू सर्व जिवांचा धनी आहेस. ज्यांच्या घरी आज एक खाट रिकामी आहे त्यांच्याजवळ आम्हांला ने, आणि तेथे थांबायला शिकव. मुक्या प्राण्यांवर दया करणारे अंतःकरण आम्हांला व आमच्या लेकरांना दे. तू येशील तेव्हा आम्ही तुझी वाट पाहत असलेले तुला आढळावे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.